शेकोटीच्या उजेडाबाहेर

माझा जन्म नागपूरचा. मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून, कूलरपुढे बसून जिथे दुपार ढकलावी लागते, तिथली मी. आणि आयुष्यभर पोट भरलं ते बर्फात तंबू कसा ठोकायचा आणि शेकोटी कशी पेटवायची हे लोकांना शिकवून. माझ्या बहिणीला हे अजून पटत नाही. ती शेजारपाजारी सांगते की शोभा तिकडे टुरिझममध्ये आहे. सांगू दे बापडी.

मी राहते ते गाव मिनेसोटाच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ. हिवाळ्यात तलाव गोठले की त्यांच्यावरूनच रस्ता होतो. सामान स्लेजवर बांधायचं, पायांत बर्फावर चालायचे ते रुंद जोडे, म्हणजे स्नोशूज, चढवायचे आणि जंगलात शिरायचं. पैसे मोजून कुडकुडायला लोक येतात का, असं मला भारतात गेले की हमखास विचारतात. येतात बाई. ज्यांच्या घरात हीटर, गाडीच्या सीटखाली हीटर, त्यांनाच थंडी बघायची हौस असते. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मी थांबले, नाहीतर हा मजकूर लिहायला मला वेळ कुठला मिळाला असता.

शेकोटीचं शास्त्र थोडक्यात सांगते, कारण पुढचं कळायला ते हवं. कंबरभर बर्फावर लाकडं रचून काडी लावली तर ती पेटते. आणि मग खाली जाते. आपल्याच उबेने बर्फ वितळवते, खड्डा करून घेते, आणि आपणच केलेल्या पाण्यात विझते. म्हणून आधी स्नोशूजने जागा तुडवायची आणि तासभर वाट बघायची, बर्फ आपोआप दगडासारखा बसतो. त्यावर मनगटाहून जाड ओले ओंडके शेजारीशेजारी मांडून माची करायची आणि आग त्या माचीवर पेटवायची. वर झाडाची फांदी नको, नाहीतर ऊब लागून फांदीवरचा सगळा बर्फ धबाककन आगीत येतो. लाकूड उभं वाळलेलं हवं, मोडलं की काटकन वाजणारं. बर्च नावाच्या झाडाची पांढरी साल तेलकट असते, ती ओली असली तरी पेट घेते. आणि एवढं सगळं करताना घाम येऊ द्यायचा नाही. अंगातले कपडे ओले झाले की त्या थंडीत माणूस संपलाच. भराभर काम करणाऱ्या पुणेकरांना आणि मुंबईकरांना हे शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले.

आपली मंडळी यायला लागली ती गेल्या काही वर्षांत. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं एक जोडपं प्रेशर कुकर घेऊन आलं होतं. मी म्हटलं, न्या, वरणभात होईल. पण जंगलात तीन शिट्ट्या म्हणजे 'धावा, वाचवा', हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात येणार? तिसरी शिट्टी झाली आणि थोड्या वेळाने तलावापलीकडून दोन धिप्पाड अमेरिकन गडी दोरखंड आणि स्ट्रेचर घेऊन धापा टाकत हजर. त्यांना वरणभात वाढला. एकाने तूप मागून घेतलं.

हसण्यावारी नेण्यासारखं असं पुष्कळ आहे. पण जंगलाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ताजा बर्फ पडला की आवाज मरतो. चार झाडांपलीकडचा माणूस ओरडला तरी पुटपुटल्यासारखं वाटतं, आणि कुठून ओरडला ते तर मुळीच कळत नाही. संध्याकाळी थंडी वाढते तसा तलावावरचा थर ताणला जातो आणि खालून लांबलचक हुंकार येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातातला कप सांडतो. आणि दर सीझनला एखादा तरी माणूस मला विचारतो, 'मला आत्ता हाक कोणी मारली?' कोणीच मारलेली नसते. इतकी शांतता कानांना सोसत नाही, मग ते आपल्या पदरचं काहीतरी घालतात, असं माझा जोडीदार डेल म्हणतो. डेल इथल्याच मातीतला, फारसं न बोलणारा माणूस. आमचा दोघांचा एक नियम होता. आवाज ऐकू आला तर त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही. आधी सगळ्यांना उभं करायचं, प्रत्येकाने आपापल्या तोंडाने आपलं नाव सांगायचं, आणि मग ठरवायचं की बाहेर कोण आहे.

एका वर्षी होळीला फ्रिस्कोहून गिरीश नावाचा एक उत्साही गृहस्थ आला. टेक्सासमध्ये राहून त्याला बर्फाचं अप्रूप. बर्फात होळी पेटवायची ही त्याचीच आयडिया. सोबत त्याची बायको, एक मित्र, आणि न्यू जर्सीहून आलेली त्याची मावशी आणि काका. मावशींचं नाव नलिनी, त्यांच्या यजमानांचं प्रभाकर. प्रभाकरराव रिटायर्ड इंजिनियर, उंच, ताठ, अबोल. नलिनीताई मात्र बोलक्या. तिकडच्या आयसेलिन गावातल्या देशी दुकानातून फ्रोझन पुरणपोळ्या आणि एक नारळ त्यांनीच आणला होता. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं बिऱ्हाड मिनेसोटातच होतं म्हणे, म्हणून त्यांना पुन्हा एकदा इकडचा बर्फ बघायचा होता.

एक गोष्ट मला पहिल्या दिवशीच जाणवली. प्रभाकररावांना काही विचारलं की उत्तर नलिनीताई देत. चहा हवा का? 'नको, हे आत्ताच प्यायले.' पाय दुखताहेत का? 'नाही हो, यांना चालायची सवय आहे.' त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आपल्या पिढीत अर्धी घरं अशीच चालतात. आमचे वडील डॉक्टरकडे गेले तर कुठे दुखतंय ते आई सांगायची.

तलावाच्या काठाला स्प्रूसच्या दाट झाडीत आम्ही तळ टाकला. कापडी तंबू, आत पत्र्याची छोटी चूल. गिरीशला होळीसाठी खड्डा खणायचा होता. मी त्याला वरचं सगळं शास्त्र ऐकवलं आणि माची करायला लावली. एरंड कुठून आणणार, म्हणून मधोमध एक वाळकी फांदी रोवली. संध्याकाळी सूर्य झाडांमागे गेल्यावर, होळी पेटवण्याआधी मी नावं घ्यायला लावली. सगळ्यांनी आपापली सांगितली. नलिनीताई म्हणाल्या, आम्ही दोघंही आहोत, हे तंबूत पडलेत, पाठ धरलीय. डेलने प्रभाकररावांना तंबूत जाताना पाहिलं होतं. मी पुढे झाले आणि बर्चच्या सालीला काडी लावली.

होळी छान पेटली. नलिनीताईंनी नारळ टाकला, नैवेद्य दाखवला. गिरीश म्हणाला, आता बोंब. पालथा हात तोंडावर मारत सगळे ओरडले. मीही ओरडले. किती वर्षांनी बोंब मारली असेल मी. आवाज झाडांत गेला आणि विरला. डेल आमच्याकडे बघत राहिला होता.

आणि मग जंगलातून बोंब आली.

हात तोंडावर आपटून तुटक तुटक केलेली, आपली अस्सल बोंब. प्रतिध्वनी नव्हता तो. आमचे आवाज थांबून बराच वेळ झाला होता, आणि आम्ही पाच जण ओरडलो होतो, हा एकच आवाज होता. पातळ, पोरसवदा. गिरीश हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. त्याच्या बायकोने माझा दंड धरला. कॅनडाच्या हद्दीवर, माणसापासून इतक्या लांब, होळीची बोंब कोण मारणार? माझ्या अंगावर सरसरून काटा आला, उगाच कशाला खोटं बोलू.

नियमाप्रमाणे मी पुन्हा नावं घ्यायला सांगितली. सगळे होते. नलिनीताई म्हणाल्या, आम्ही आहोत की. हे आत झोपलेत. म्हणजे आम्ही सगळे इथे, आणि तो आवाज तिथे. तो पुन्हा आला, या वेळी दुसऱ्याच बाजूने. आमच्याभोवती फिरत होता तो.

तेव्हा माझं लक्ष नलिनीताईंकडे गेलं. सगळे जंगलाकडे बघत होते. त्या एकट्या तंबूच्या दाराशी, दाराला पाठ लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती पण नवल नव्हतं. मी त्यांना बाजूला केलं आणि आत गेले. चूल ढणढणत होती. खुंटीला प्रभाकररावांचा जाड कोट होता, टोपी होती, हातमोजे होते. तंबूची मागची कड बर्फातून उपसून काढलेली होती, माणूस सरपटत जाईल एवढी.

नलिनीताई माझ्यामागे आत आल्या आणि मटकन खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं. प्रभाकररावांना विसरण्याचा आजार आहे. बरेच दिवस झाले. नलिनीताईंनी तो कोणाला कळू दिला नव्हता, गिरीशलाही नाही, स्वतःच्या मुलीलाही फोनवर नाही. प्रत्येक प्रश्नाला आपणच उत्तर देऊन निभावून नेलं होतं. होळीच्या थोडं आधी त्या तंबूत डोकावल्या तर हे नव्हते. येतील, इथेच गेले असतील, म्हणून गप्प राहिल्या. चार लोकांत ओरडा कशाला करायचा. 'बर्फात आणलं तर यांना जुनं आठवेल, असं वाटलं हो मला,' एवढं म्हणून त्या रडायला लागल्या.

मला संताप आला होता. पण संतापायला वेळ नव्हता. बाहेर उणे वीसच्या आसपास, अंगात नुसता स्वेटर, म्हातारं शरीर. घड्याळ सुरू झालं होतं. डेलला मी आगीवर ठेवलं, ती मोठी करत राहा म्हणून, कारण परतायची खूण तीच. कोट आणि टोपी मी काखेत मारली. नलिनीताई म्हणाल्या, मी येणारच. मी त्यांना नेलं नसतं, पण दुसऱ्या कोणाबरोबर ते परत येतील याची मला खात्री नव्हती.

तंबूमागे माग सापडला. मी आधी त्यांना नावाने हाका मारल्या, शिट्टी फुंकली. काही नाही. नलिनीताई म्हणाल्या की नावाने ते आताशा ओ देत नाहीत. मग मी मागे वळून गिरीशला ओरडून सांगितलं की बोंब मारा, थांबून थांबून मारत राहा. त्यांनी मारली. आणि अंधारत्या झाडीतून लगेच उत्तर आलं.

तो माग मी जन्मात विसरणार नाही. तो दूर कुठे गेलाच नव्हता. आमच्या तळाभोवती गोल फिरला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, बरोबर शेकोटीचा उजेड जिथे संपतो त्याच्या एक-दोन हात बाहेरून. मधेमधे बर्फ तुडवून घट्ट झालेला होता. तिथे ते उभे राहिले होते. तिथे मीही उभी राहून पाहिलं. झाडांच्या फटीतून आमची होळी दिसत होती, आमची रिकामी बसायची जागा दिसत होती, गिरीशचा चेहरा स्पष्ट दिसत होता. आम्ही नारळ टाकत होतो, हसत होतो, तेव्हा हा माणूस इथे उभा राहून आम्हा एकेकाचं तोंड निरखत होता.

पौर्णिमेचा चंद्र वर आला होता. शेवटी ते दिसले. तलावाच्या कडेला, दोन झाडांमध्ये, तोंडाशी हात धरून उभे. मी नलिनीताईंना खुणेने थांबवलं आणि हळूहळू पुढे गेले. मला बघून त्यांनी हात खाली घेतला आणि अगदी अदबीने बोलले.

'बाई, आमची मिसेस पाहिलीत का? नलू. मागे राहिली ती. तिला बर्फात चालायची सवय नाही अजून.'

मी म्हटलं, आधी कोट घाला, मग तळावर जाऊन बघू. कोट त्यांनी घालू दिला. पण पाऊल उचलेनात. तंबूकडे बोट करून मला हळू आवाजात म्हणाले, 'तिथे नको. तिथे एक म्हातारी बसलीय. सारखी माझ्याकडे बघून रडते. कोण आहे माहीत नाही. मी नलूला घेतल्याशिवाय नाही येत.'

नलिनीताई माझ्या मागेच, एका झाडाच्या कडेला होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. चंद्रप्रकाशात त्यांचा चेहरा मला दिसला, पण त्याचं वर्णन करायची माझी ताकद नाही. मी प्रभाकररावांचा हात धरून ओढणार, ते हिसडा देऊन तलावावर पळणार, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यांची बोटं मी चाचपली तर लाकडासारखी लागली. मिनिटांचा प्रश्न होता.

नलिनीताईंनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मग त्या एका जाड खोडाआड गेल्या. आणि त्यांनी हाक मारली.

'अहो, चला ना. किती उशीर केलात.'

हा त्यांचा आवाज नव्हता. म्हणजे त्यांचाच होता, पण तो मी कधी ऐकलेला नव्हता. त्यात म्हातारपण नव्हतं, रडणं नव्हतं. नवीन लग्न झालेली, थोडी रुसलेली, थोडी लाडात आलेली मुलगी त्या झाडाआडून बोलत होती. प्रभाकररावांचं तोंड उजळलं.

'बघा, आली,' ते मला म्हणाले, आणि चालायला लागले.

आम्ही असे परतलो. पुढे कुठेतरी ती हाक, 'इकडे हो, इकडे,' मागे ते, आणि त्यांना धरून मी. नलिनीताई एका झाडामागून दुसऱ्या झाडामागे जात होत्या, एकदाही दिसल्या नाहीत. मला सगळं ठाऊक होतं. बाई कोण, तिचं वय काय, तिच्या पायात माझेच भाड्याचे बूट आहेत, सगळं. तरी त्या काळ्या खोडांमधून एका तरण्या मुलीचा आवाज पुढे पुढे सरकत होता आणि तिथे कोणीच दिसत नव्हतं, आणि मला खरंच भीती वाटली. मी प्रभाकररावांचा दंड घट्ट धरून ठेवला होता, तो त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

डेलने आग छातीएवढी केली होती. प्रभाकररावांना आम्ही बैठकीवर बसवलं, ब्लँकेटं गुंडाळली, कोमट साखरपाणी घोट घोट पाजलं. अशा वेळी गारठलेले हात चोळायचे नाहीत आणि आगीजवळही धरायचे नाहीत, आपल्या काखेत धरायचे. ते डेलने केलं. गिरीश बाजूला उभा राहून डोळे पुसत होता. त्याला आता सगळं दिसतच होतं.

नलिनीताई उजेडात आल्या नाहीत. त्या तिथेच, जिथे त्यांच्या नवऱ्याने मघापासून बर्फ तुडवला होता, तिथे उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे गेले. त्या थरथरत होत्या, दातांवर दात वाजत होते. मी म्हटलं, ताई, आगीपासून लांब मी कोणालाच राहू देत नाही, चला.

त्या म्हणाल्या, 'मी आले की ती जाईल.'

मी माझं जाकीट काढून त्यांच्या अंगावर टाकलं आणि त्यांच्याशेजारी नुसती उभी राहिले.

मग शेकोटीपाशी हालचाल झाली. प्रभाकरराव मान वाकडी करून आमच्याकडे बघत होते. डोळ्यांवर हात धरून त्यांनी नीट पाहिलं. नलिनीताईंनी माझा हात घट्ट धरला.

'आजी,' त्यांनी हाक मारली, 'तुम्ही अशा थंडीत का उभ्या? या, इथे बसा.'

आणि ते सरकले. ब्लँकेटची एक बाजू उचलून त्यांनी जागा केली. नलिनीताई चालत गेल्या, अंतर थोडंच होतं, पण मला तो वेळ फार मोठा वाटला. त्या त्यांच्याशेजारी बसल्या. प्रभाकररावांनी ब्लँकेट त्यांच्या गुडघ्यांवरून नीट ओढलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, 'बसा निवांत. आमची नलू येतेच आहे मागून.'

नलिनीताईंनी आगीकडे बघत मान हलवली. आवाज त्यांचा रोजचा होता.

'हो का,' त्या म्हणाल्या. 'मग ती येईपर्यंत मी बसते तुमच्याजवळ.'